शेवटच्या तीन प्रकरणांबद्दल

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त शिक्षिका आणि कादंबरीकार, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. धाकट्या बहिणीचे मत वेगळे असू शकेल. याआधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भाचीला द्यावे. तिच्या आईला, म्हणजे धाकटीला, नको. तिला आयुष्यात सगळे आपसूक मिळत आले आहे.

२. माझी पुस्तके शाळेच्या ग्रंथालयाला द्यावीत. तिथे धाकटीचीही आहेत. ती माझ्या पुस्तकांच्या वरच्या फळीवर ठेवू नयेत.

३. लॅपटॉप प्रकाशकांनी घ्यावा आणि त्यातले काही पुसू नये. कारण सांगते. धाकटीने आपल्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर छापले, ‘काही प्रकरणांत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली आहे.’ तिच्या प्रकाशन समारंभात मी भर सभेत म्हणाले, “ज्यांना स्वतःची वाक्ये सुचत नाहीत, त्यांनी लिहू नये.” लोक हसले. तीही हसली. त्या वेळी माझ्या कादंबरीची शेवटची तीन प्रकरणे याच लॅपटॉपवर यंत्राकडून लिहून घेऊन झाली होती.

आधी मी भीतीपोटी गप्प राहिले. वाटले, वाचक तिला झिडकारतील. झाले उलटेच. तिच्या प्रामाणिकपणाचे गोडवे गाणारी पत्रे आली, चौथी आवृत्ती निघाली आणि माझा नुसता जळफळाट झाला. मग मी मत्सरापोटी गप्प राहिले. कबूल करायचे, तेही तिच्या मागून? त्याच कादंबरीला मिळालेला पुरस्कार मात्र दोन्ही हातांनी घेतला.

४. माझ्या त्या कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर हे सगळे छापावे. टाइप धाकटीच्या ओळीपेक्षा मोठा असावा. पुरस्काराचे सन्मानचिन्ह परत करावे.

५. गेल्या महिन्यात मी दवाखान्यात असताना धाकटी उशाशी बसून माझी कादंबरी वाचत होती. नायिकेची आई जाते, त्या पानावर थांबली.

“ताई, आई गेली तेव्हा तू रडली नाहीस. मला वाटायचं, तुला काही वाटलंच नाही. हे वाचलं आणि माझा इतक्या वर्षांचा राग गेला गं.”

ते पान शेवटच्या प्रकरणातले आहे. मी म्हणाले, “खिडकी लाव, वारा येतोय.”

त्या पानावर नायिका आईची शाल उराशी धरून एकटीच रडते. मी तसे काही केले नाही. आई गेली त्या दुपारी मी शाळेत गेले, बेचाळीस उत्तरपत्रिका तपासल्या आणि सगळ्यांना पास केले. हे मी कुठेच लिहिलेले नाही. कलम चार अमलात आणण्यापूर्वी वकिलांनी हा परिच्छेद धाकटीला, एकटीला, वाचून दाखवावा. ती त्यावर लिहील, आणि माझ्यापेक्षा चांगले लिहील. लिहू द्यावे.

सही: थोरली

आमच्यादेखत सही झाली:
१. शेजारचे दंतवैद्य
२. माझ्या पुस्तकांच्या मुद्रितशोधक

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: १४ मार्च