मागची खोली: रिकामी

४ मार्च
आलो एकदाचे. सामान दुपारपर्यंत लागलं. ह्यांना स्ट्रेचरवरून आत घेताना हमालांनी चौकटीला धक्का दिलाच. चार शब्द सुनावले. हे डोळ्यांनी हसले. पक्षाघातानंतर ह्यांच्याकडे एवढंच उरलंय: डोळे, आणि उजव्या हाताची बोटं. माझा हात एकदा दाबला की हो, दोनदा दाबला की नाही. भांडायला तेवढं पुरतं.

घर पसंत आहे. प्रत्येक खोलीच्या छताला बटणाएवढा काळा डोळा. माणूस आत आलं की दिवा, पंखा आपोआप सुरू. खोली रिकामी झाली की बंद. कोणत्या खोलीत किती माणसं, ते दाराजवळच्या पाटीवर दिसतं. मुलाने बाबांसाठी मुद्दाम हीच इमारत शोधली. तू एकटी किती धावणार, म्हणाला.

७ मार्च
बाकीच्या बिऱ्हाडांनी मात्र छताच्या डोळ्यांवर चिकटपट्ट्या लावून ठेवल्या आहेत. चांगली सोय हाताशी असून हा अडाणीपणा! समोरच्या शेजारणीला कारण विचारलं. तिने कोपऱ्यातली एक काठी दाखवली. ही कोणाची, ते घरात कोणालाच आठवत नाही म्हणे. खिडकीजवळच्या खुर्चीची गादी खोल दबलेली आहे, तेव्हा कोणीतरी बसून असायचं. बहुतेक तिच्या सासूबाई. मी म्हटलं, आपल्या विसराळूपणाचं खापर यंत्रावर फोडू नये. ती वाद घालत बसली नाही. तुमचे यजमान हलतात ना, एवढंच विचारलं.

११ मार्च
ह्यांना भरवून भांडी ठेवायला बाहेर आले, आणि मागे सगळं बंद झालं. पाटीवर: मागची खोली, रिकामी. यंत्राला हालचाल कळते, श्वास कळत नाही.

दुरुस्तीवाला आला, शिडीवर चढला, उतरला. यंत्र ठणठणीत आहे म्हणाला. मग त्याने हत्यारांची जड पिशवी ह्यांच्या पायांवर ठेवली. मी ओरडले. तो पलंगाकडे नीट बघून म्हणाला, “कोणाच्या पायांवर, मावशी?”

१३ मार्च
मुलाचा फोन. जेवतेस ना, एकटीला एवढं मोठं घर कशाला, असं काहीबाही. बाबांना काय सांगू, असं मी विचारलं. तो मग अगदी हळू म्हणाला, “आई, तू डॉक्टरांना भेटून ये.”

छताच्या डोळ्यावर पट्टी लावली. शेजारीणच घेऊन आली होती. पाटीवर काही फरक नाही. ती म्हणाली, आधी झाकायचा असतो, ताई. माणूस मोजणीतून गेल्यावर काय उपयोग. पट्टी काढून टाकली.

१४ मार्च
मार्ग सापडला. ह्यांचा हात हातात घेऊन हलवला, वर-खाली, जोरात. पाटीवर दोन! तसंच हलवत मुलाला फोन लावला. त्याने आधी विचारलं, बाबा जेवले का? मला हुंदका आवरेना. हे माझ्याकडे बघत होते.
हात थांबला की पुन्हा एक.

१६ मार्च
बसल्या जागी जेवते. डाव्या हाताने ह्यांचा हात हलवते, उजव्याने लिहिते. डुलकी लागली की गेलं.
इथून हलवायचं म्हणून रुग्णवाहिकेला फोन केला. पेशंटचं नाव विचारलं. तोंडात आलं नाही. जन्मभर ‘हे’च म्हणत आले. पण लग्नाआधी तर नावाने— कॉलेजात मैत्रिणी त्या नावाने मला चिडवायच्या. कोणतं नाव?
फोन ठेवला.

१७
सकाळी चहा केला. एकच कप. स्वयंपाकघरात निवांत बसून प्यायले. छान वाटत होतं.
मग मागे काहीतरी— धावले.
हे डोळे उघडे ठेवून पडले होते. गालावर ओल. पुसायला ह्यांना हात कुठला.

१८
ह्यांचं मनगट सुजलं आहे. मीच हिसके देऊन देऊन. कातडी सोलली आहे. दुखतं का?
एकदा दाबलं.
थांबू?
एकदा.
थांबले तर मी विसरेन तुम्हाला. कळतंय ना? तुम्ही इथेच असाल आणि मी—
एकदा.
मी खूप बोलले. हट्टी आहात, पहिल्यापासूनच, माझा विचार करत नाही, असं सगळं. पुन्हा विचारलं.
एकदा. मग हात सोडलाच नाही.

थांबले आहे.
दिवा गेला. नुसती लिहिणारी बोटं यंत्र मोजत नाही. पंखा मंदावतोय. खिडकीतून ऊन येतंय, लिहिता येतंय. लिहीत राहिले तर लक्षात राहील बहुतेक. पहिल्या भेटीत निळा सदरा होता. सही करताना जीभ बाहेर काढतात. आमटी सांडली तरी— कोण? ह्यांनी. हे.
शांत खोली आहे. कोणी नाही.
डाव्या हातात कोणाचा तरी हात आहे. ऊबदार. एकदा दाबतोय. कोणाचा ते