एका सीटची गाडी

प्रिय खटपट्या,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. मोटरसायकल हा शब्द निघाला की तू फोनवर लगेच हवापाण्याकडे वळतोस. सहा वर्षं हेच चाललंय. आज मला सलग बोलायचंय, आणि पत्राला मध्येच तोडता येत नाही. तर बातमी अशी, की तुझ्या शेहेचाळीस वर्षांच्या बहिणीनं जुनी इटालियन मोटरसायकल घेतली आहे. लाल, लांबुळकी, जवळजवळ माझ्याच वयाची. अशी दुसरी या शहरात तरी नाही. तुझे भावोजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुपचूप टाकी पुसताना सापडले.

खरं तर माझ्याकडे आधी गाडी आलीच नाही, सीट आली. एक म्हातारे फोटोग्राफर ती काखोटीला मारून दुकानात आले आणि रेक्झिन फाटलंय, बदलून द्या म्हणाले. इतकी वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतेय, पण अशी पाहिली नव्हती. एकट्या माणसापुरती, मागे उंचवटा, टाके सगळे हातचे. मीही हट्टानं हातानंच शिवली, जुन्याच भोकांतून सुई घालून. ती बसवायला त्यांच्या घरी गेले आणि गाडी बघून हातातला पाना तसाच धरून उभी राहिले. तू असतास तर जमिनीवरच फतकल मारून बसला असतास.

गुडघे गेल्यामुळे त्यांना किक मारवत नव्हती, म्हणून ती विकायची होती. पण येईल त्याला ते परत पाठवत होते. एकाला ती दिवाणखान्यात शोभेला ठेवायची होती, त्याला तर त्यांनी चहासुद्धा विचारला नाही म्हणे. मला त्यांनी एकच प्रश्न केला, की ही चालवणार कोण. मी काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. ते ऐकल्यावर ते मला गाडी सुरू करायला शिकवायला लागले. कार्ब्युरेटरवरचं बारकं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबून धरायचं, मग पूर्ण वजन टाकून एकच किक. माझ्या सोळा किका झाल्या. सतराव्या किकेला अख्ख्या गल्लीच्या खिडक्या उघडल्या.

आता हसून घे, कारण पुढे माझी फजिती आहे. घरी येताना वळणावर बेकरीसमोर सवयीनं क्लच दाबला आणि उजव्या पायानं ब्रेक. गाडी थांबायचं सोडून वरच्या गिअरमध्ये गेली. या बयेचं सगळं उलटं आहे. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. फोटोग्राफरांनी दहा वेळा बजावलं होतं, मी दहा वेळा मान डोलावली होती. हाताचा ब्रेक आठवेपर्यंत मी बेकरीवाल्याच्या रिकाम्या क्रेटांत शिरले होते. मला आणि गाडीला ओरखडासुद्धा नाही. बेकरीवाला मात्र आता लांबून माझा आवाज आला तरी क्रेट आत घेतो.

आणि क्रेटांत बसल्या बसल्या मला रडू फुटलं. बेकरीवाल्याला वाटलं, लागलं म्हणून. मला आठवत होती सहा वर्षांपूर्वीची ती रस्त्यावरची खडी. त्या दिवशी चालवायचा हट्ट माझाच होता, मागे तू होतास. मागचं चाक सरकलं, दोघंही पडलो, मी झटकून उठले आणि गाडी तुझ्या डाव्या पायावर. घोटा कायमचा आखडला तुझा, आणि तू एका शब्दानं मला बोलला नाहीस. उलट मलाच समजावत बसलास. एकदा तरी शिव्या घातल्या असत्यास, तर मी सुखानं झोपले असते रे.

आणखी एक सांगायचं राहिलंय. दवाखान्यातून आल्यावर एका दुपारी तू अंगणात आपल्या जुन्या गाडीवर बसला होतास. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. तू डाव्या पायाचा चवडा गिअरखाली घालून उचलायला बघत होतास, पुन्हा पुन्हा. तो उचलला जात नव्हता. पुढच्या आठवड्यात गाडी विकलीस आणि सगळ्यांना सांगितलंस, की आवड संपली. नंतर तर बदली घेऊन गेलास आणि ऑफिसात नळयोजनांचे नकाशे काढत बसलास. सगळ्यांना पटलं. मला पटलं नाही, पण खिडकीतून पाहिलं होतं हे सांगायची हिंमत झाली नाही. माझ्यामुळे तुझं जे गेलं, त्याबद्दल मी तुझी माफीही कधी नीट मागितली नाही. आता मागते.

म्हणून फोटोग्राफरांना मी सांगितलं, की चालवणार माझा भाऊ. ज्याचा डावा पाय गिअर उचलू शकत नाही, तो. या गाडीत डाव्या पायानं उचलायचं काहीच नाही, फक्त ब्रेक दाबायचाय, आणि त्याला मांडीचा जोर पुरतो. अंदाजानं नाही सांगत. माझ्या डाव्या घोट्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या लावल्या, सीटच्या पट्ट्यानं आवळून बांधल्या आणि मैदानात तीन फेऱ्या मारल्या. भावोजी बाजूला डोक्याला हात लावून उभे होते. तिन्ही वेळा गाडी हवी तिथे थांबली. सीट एकच आहे, त्यामुळे मी पुढे आणि तू मागे, हा प्रकार पुन्हा होणे नाही. कागद तुझ्या नावावर करायचेत, तुझी सही हवी. नाही म्हणायचं असेल तर इथे येऊन, गाडीवर बसून म्हण. या रविवारी ये. आणि येताना तुझे ते जुने बूट घेऊन ये. टाकून दिले म्हणून सांगू नकोस. तू दर महिन्याला त्यांना पॉलिश करतोस, तुझ्या बायकोनं मला केव्हाच सांगितलंय.

तुझीच,
क्रेटांतून सुखरूप बाहेर आलेली
ताई