मागच्या चाकाची जाळी

मुलुंड,
२८ ऑक्टोबर १९५७

प्रिय विद्याधर,

आज सोमवार. कचेरीत गेलो नाही. सकाळी पाणी भरलं, मग शुभाला आणि तिच्या आईला बोरिवलीला मावशीकडे पोचवून आलो. दोघी काही दिवस तिथंच राहतील.

काल तुम्ही आलात. जेवलातही पोटभर. उत्तराला जाऊन वर्ष झालं, घरात कुणीतरी हवं, मग परकी आणण्यापेक्षा धाकटी मेहुणीच का नको, हे तुम्ही मोकळेपणानं विचारलंत. तुळशीची लग्नं झाली की उरकून टाकू, म्हणालात. आमच्या हिला ते पटलं. मुलगी माहितीच्या घरात जाईल, जावईही तेच राहतील, असं तिचं म्हणणं. शुभा खाली बघत होती, पण तिची ना नव्हती.

उत्तरा तुमच्या घरी सुखात होती, हे मी नाकारत नाही. फटफटी घेतलीत तेव्हा घाटकोपरहून ती आम्हाला दाखवायला केवढ्या तोऱ्यात आली होती. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला लोखंडी जाळी होती. पुढे तुम्ही ती काढून टाकलीत. फार खडखडते, डोकं उठतं, म्हणालात. मी विषय काढला तर उत्तरानंच मला गप्प केलं. बाबा, मी पदर खोचून बसते ना, तुम्ही उगाच घाबरता. आणि तुम्ही म्हणालात, आरे कॉलनीच्या रस्त्यावर मी डोळे मिटून चालवीन.

त्या दिवशी त्या रस्त्यावर समोरून काहीच येत नव्हतं. खड्डा नव्हता, पाऊस नव्हता. पदर सुटला आणि चाकात गेला. तुमचं कोपर खरचटलं. त्याला हळद तिच्या आईनं लावली. तेराव्याला तुम्ही येईल त्याला सांगत होतात, नशीब, दुसरं काय. लोक तुमच्या पाठीवरून हात फिरवत होते.

काल मी कदाचित हो म्हटलंही असतं. पण निघताना तुम्ही शुभाला म्हणालात, चल गं, पोस्टापर्यंत चक्कर मारून आणतो. ती एका बाजूला पाय सोडून मागे बसली. तेव्हा मी चाक पाहिलं. जाळी अजूनही नाही. तुम्ही परत येईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. तिला उतरवून तुम्ही हसत म्हणालात, बघा बाबा, आणली की नाही सुखरूप?

शुभा तुम्हाला मिळणार नाही. पुन्हा या घरी येऊ नका. दुसरीकडे मुलगी बघायला जाल तेव्हा त्या माणसांना माझा पत्ता द्या. नाही दिलात तरी मला कळेल, आणि मी जाऊन त्यांना सांगेन की माझी मुलगी मेली ती नशिबानं नाही. तुमचं घर रिकामं राहावं, एवढंच मला आता हवं आहे.

शर्टाचं बटण तुटलंय. उजेड आहे तोवर ते लावून घेतो.

उत्तराचा बाप,
श्यामसुंदर