मॅडमचा नंबर माझ्यामागे

मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेज सोडणारच होतो. निबंध फसला म्हणून मराठीच्या मॅडमनी लेखन केंद्रात पाठवलं, लिहिताना अडलं की तिथं मदत करतात म्हणे. म्हटलं, ही शिक्षाच की! त्यापेक्षा गावाकडं, कुर्डुवाडीची गाडी धरू. तरी एकदा गेलो, तर केंद्राच्या दारापाशी बाकावर मॅडमच, मांडीवर स्वतःचा लेख.

"मॅडम, तुमी हितं?"

"माझंही अडलंय रे. बस, तुझा नंबर आधी."

मॅडमचंही अडतं?

आत केंद्रातल्या ताईनं मला मोठ्यानं वाचायला लावलं. कुठं भरकटलो ते माझं मलाच ऐकू आलं. मग मॅडमनी त्यांचा लेख वाचला आणि मलाच विचारलं, "कंटाळा कुठं आला?"

"खरं सांगू? पहिलं पान लई लांबलंय."

मॅडम खळखळून हसल्या, अख्खं पान खोडलं. माझ्या सांगण्यावरून!

खोलीवरची पोरं जेवायला हाका मारतायत. निबंध पुन्हा लिहायला घेतलाय, उठवतच नाही.