बोलका वजनकाटा

४ ऑगस्ट

डिअरबाईचा विश्वासच बसेना. ही चीनमधल्या कारखान्याची विक्रीवाली. खरं नाव मला धड उच्चारता येत नाही आणि प्रत्येक निरोपाची सुरुवात ती ‘डिअर’ने करते, म्हणून डिअरबाई. माझ्या ऑनलाइन दुकानासाठी तिच्याकडून बोलका वजनकाटा घ्यायचं चाललंय — वर उभं राहिलं की वजन मोठ्यानं सांगतो. काटे इंग्रजी बोलतात. मी म्हटलं, मराठी हवा. तरच माझं दुकान वेगळं दिसेल.

ती म्हणाली, सोपं आहे डिअर, वीस-पंचवीस शब्द पाठवा, आम्ही जोडून घेऊ. मी म्हटलं, आमच्यात असं जोडून भागत नाही. शंभरपर्यंत प्रत्येक आकडा वेगळा म्हणावा लागतो.

उत्तर आलं — ‘का?’

हे मी शाळेत विचारलं होतं, तेव्हा बाकावर उभं केलं होतं.

६ ऑगस्ट

आवाज कुणाचा द्यायचा? माझा घरात वाजवून पाहिला. नवरा म्हणाला, “वजन सांगतेयस की जाब विचारतेयस?”

मग सासूबाईच आठवल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी झाली त्यांची. आवाज अजून खणखणीत. विचारलं तर म्हणाल्या, “आता माझ्या आवाजाचीही विक्री का? बरं. चष्मा दे.”

चष्मा कशाला, कळलं नाही. पण दिला.

९ ऑगस्ट

माझा जुना फोन त्यांच्यापुढे ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं, सांगितलं, “आई, एकपासून दीडशेपर्यंत म्हणा. दमलात की थांबा. झालं की हे लाल बटण दाबा.” आणि कुरिअरवाल्याकडे गेले. परत आले तर फोन पालथा घातलेला आणि त्या झोपलेल्या. रेकॉर्डिंग चालूच.

एवढी लांबलचक फाइल कोण ऐकत बसणार! तशीच पाठवून दिली. सोबत लिहिलं — आकड्यापासून आकड्यापर्यंत कापा.

डिअरबाई म्हणाली, ‘तुमचे आकडे फार लांब आहेत, डिअर. पण काळजी नको. आम्ही मोठी चिप टाकतो.’

मला वाटलं, एकोणऐंशी-बिकोणऐंशीबद्दल म्हणतेय.

२ सप्टेंबर

नमुना आला. काचेचा, देखणा. मी चढले — “अठ्ठावन्न.” नवरा चढला — “त्र्याहत्तर.” काय आवाज! जणू राजदरबारात नाव पुकारतायत. सासूबाईंना म्हटलं, चढा ना. “मला माझं वजन माहीत आहे,” म्हणाल्या, आणि वाटाणे सोलत बसल्या.

डिअरबाईला होकार कळवला. पाचशे काटे.

नवरा म्हणाला, “तुला योग्य वाटतं ते कर.” तो नेहमी हेच म्हणतो. गरीब गाय आहे. बायका मला म्हणतात, नशीबवान आहेस.

११ ऑक्टोबर

माल आला. हॉल भरला, गॅलरी भरली, उरलेली खोकी सासूबाईंच्या खोलीत. आता त्यांना पलंगावरून उतरायला फक्त पायथ्याकडून वाट आहे. त्यांनी खोक्यावर पाण्याचं भांडं आणि गोळ्या मांडून ठेवल्या.

नवरा म्हणाला, “घर लहान पडतंय आपल्याला.” मी म्हटलं, माल हलेल भराभर.

२० ऑक्टोबर

हलला. पहिल्याच आठवड्यात साठ गेले. मी आयातदार आहे. आरशासमोर म्हणून पाहिलं. बरं वाटतं.

२३ ऑक्टोबर

पहिली तक्रार. ‘वजन बरोबर. पण काटा चहा मागतो.’

ग्राहक म्हणजे ना. उत्तर दिलं — कृपया बॅटरी बदलून पाहा.

२४ ऑक्टोबर

दुसरी तक्रार — ‘शहात्तर सांगून तुमचा काटा “बाई गं” म्हणतो. हा माझा अपमान आहे.’

तिसरी — ‘सूनबाई म्हणजे कोण?’

एक खोकं फोडलं. माझ्या वजनावर नुसतं अठ्ठावन्न. मग हातात तांदळाचा डबा घेऊन चढले.

“बासष्ट. उंटावरून शेळ्या हाकायची हौस. चीनवरून काटे आणतेय, घरातला मिक्सर महिनाभर बंद आहे तो दिसत नाही.”

डबा ठेवून पाण्याची बादली उचलली.

“सत्तर. फोनवर ‘डिअर डिअर’ चाललेलं असतं. आम्हाला कधी कुणी डिअर म्हटलं नाही.”

कारखान्यात मराठी कळणारं कुत्रं नाही. मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी इमानदारीनं आकड्यापासून आकड्यापर्यंत कापलं. मधलं सगळं आत! फोन पालथा घातला की बंद होतो, असं सासूबाईंना वाटलं असणार. रिसीव्हर खाली ठेवल्यासारखा.

संध्याकाळपर्यंत बादलीत पाणी ओतत आणि काढत काटा ऐकत बसले. माझ्या संसाराचं इतकं तपशीलवार वर्णन मी कधी ऐकलं नव्हतं.

२५ ऑक्टोबर

डिअरबाईला कळवलं. रागात मराठीतच लिहिलं, भाषांतराच्या ॲपवर सोडलं. लिहिलं होतं, ‘माझी सासू माझ्या डोक्यावर बसली आहे आणि आता गिऱ्हाइकांच्याही.’

उत्तर — ‘डिअर, काट्यावर फक्त उभं राहायचं असतं. बसू नये.’

परत घेणार नाही म्हणते. मंजूर नमुन्याप्रमाणेच माल आहे. तेही खरंच.

२६ ऑक्टोबर

सासूबाईंशी बोलले नाही. जेवताना नवऱ्यानं विचारलं, “काय झालंय?” मी काटा आणून ताटांशेजारी ठेवला. बादली आणली. सासूबाईंनी स्वतःचा आवाज ऐकला. घास हातातच राहिला. मला वाटलं, आता रडतील.

म्हणाल्या, “मी पाठीमागे बोलले. तू ते दुकान मांडून विकलंस.”

नवरा म्हणाला, “तुम्ही दोघी बघून घ्या,” आणि दही वाढून घेतलं.

३० ऑक्टोबर

एका बाईनं काटा परत पाठवला. कारणाच्या रकान्यात — ‘घरी आधीच एक आहे.’

रागानं वाचलं. मग हसूच आलं. सासूबाई दारात होत्या. “काय गं?” सांगितलं. त्याही हसल्या. “तिची सासूही बोलत असेल, पण माझ्यासारखी ट्रेनिंग घेतलेली नसेल.”

मिक्सर दुरुस्तीला दिला.

५ नोव्हेंबर

विचित्र चाललंय. परत येणारे येतायत, पण नव्या ऑर्डरीही येतायत. एक मुलगा दूर नोकरीला एकटा राहतो. लिहितो, दिवसातून दोनदा चढतो, घरात कुणीतरी बोलतं. कधी हातात वीट घेऊन, म्हणजे दुसरं वाक्य ऐकायला मिळतं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. “वीट?” म्हणाल्या. “त्याला म्हणावं, भाजी घेऊन चढ. उपयोगी पडेल.”

तेच उत्तर पाठवलं.

डिअरबाईनं विचारलंय, हे भावनिक फीचर आहे का? तिच्या दुसऱ्या देशातल्या गिऱ्हाइकाला आवडलंय. त्यांच्या भाषेतली सासू मिळेल का?

१० नोव्हेंबर

आता तक्रारींना सासूबाईच उत्तरं सांगतात, मी टाइप करते. ‘चहा मागतो’ म्हणणाऱ्याला — ‘मग द्यावा. आधण टाकायला कितीसा वेळ लागतो.’ त्यानं पाच तारे दिले.

दुपारी दोघींचा चहा होतो. आधी कधी होत नव्हता, हे मला त्या एक्क्याऐंशी नंबरच्या वाक्यानं सांगितलं. अजूनही बोलतात त्या. पण आता तोंडावर. त्याला उलट उत्तर देता येतं, हे बरं.

नवऱ्याला हे पटलेलं दिसत नाही. “आईला ह्या खोक्यांत किती त्रास होतो,” म्हणाला. काळजी करतो बिचारा. रविवारीही कुठे कुठे कामाला जातो.

१७ नोव्हेंबर

एका व्यायामशाळेच्या मालकाचा फोन. जाडजूड आवाज, पण अवघडलेला.

“मॅडम, माझं वजन एकशे एकतीस आहे.”

“बरं मग?”

“तुमचा काटा मला जे सांगतो ना, ते माझ्यासाठी नाहीये. तुम्ही एकदा ऐका.”

“काय सांगतो?”

“मी नाही सांगणार. घरचं आहे.”

पैसे परत हवेत का विचारलं. नको म्हणाला. फोन ठेवताना — “आजींना नमस्कार सांगा.”

एवढं वजन आणू कुठून? शंभराच्या पुढे मी ऐकलंच नव्हतं. बादल्या पुरेनात.

१८ नोव्हेंबर

साधा हिशेब होता. माझं अधिक नवऱ्याचं. म्हटलं, ये, दोघं मिळून उभे राहू, गंमत. हसत चढला, माझा खांदा धरून.

“एकशे एकतीस,” काटा म्हणाला. मग आवाज खाली — सासूबाई त्यांच्या बहिणीशी फोनवर बोलतात तसा. “हो ताई, वृद्धाश्रम पाहून आला तो. माझं नाव घालूनही आला. सूनबाईला माहीत नाही. मीच म्हटलं, आत्ता सांगू नकोस. ती मला जाऊ द्यायची नाही, उगाच तुमच्यात वाद.”

नवरा उतरला. काटा म्हणाला, “अठ्ठावन्न.”

आईंच्या खोलीतली सगळी खोकी काढली. त्याच्या पलंगावर रचली. विचारतो, मी झोपू कुठे? बघेल कुठेतरी. जागा पाहून ठेवायची त्याला सवय आहे.