खांद्यावरचा दिलरुबा

रायस्वाइक (नेदरलँड्स), २ ऑगस्ट २०२४

ती. वीणाआत्यास,
आशुतोषचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर आमचे नुसते हलणारे ओठ बघायचा तुला कंटाळा, म्हणून कागद-पेन काढलं. अक्षराला हसू नकोस.

आमच्या आर्याने नवं खूळ घेतलंय. व्हिओला दा गांबा नावाचं इथलं जुनं वाद्य. चेलोएवढं मोठं, पोटऱ्यांत धरून गजाने वाजवायचं, आवाज खर्जातला. तुझ्या दिलरुब्यासारखे पडदेसुद्धा आहेत, फक्त आतड्याच्या तातीचे. पहिल्याच दिवशी तिने गज खालून, तळवा वर करून धरला. बाकीच्या मुलांना हे शिकायला आठवडे लागतात म्हणे. बाईंनी विचारलं, कुठे शिकलीस? तर म्हणाली, सांगलीला, आत्याआजीकडे बघून. पाच वर्षांची होती गं तेव्हा! सायकलवरून घरी येईपर्यंत मी डोळे पुसत होतो. पोरीला सांगितलं, वारा लागला.

तुझा लोभ आहेच, थोडा या गांब्यालाही मिळावा.
तुझा आशू

सांगली, २० ऑगस्ट

चि. आशुतोषास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर अजून मुंग्या पळाल्यासारखंच आहे, तरी पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आर्याला म्हणावं, मनगट सैल ठेव.

एक कळवायचं होतं. दसऱ्याची पूजा झाली की दिलरुबा कन्याशाळेला देऊन टाकणार आहे. कान गेल्यापासून तो खोळीतून काढलेला नाही. मला ऐकूच येत नाही ते वाजवून काय करू? वाईट वाटतं रे, फार वाटतं. पण वाद्य मुकं ठेवू नये.

सूनबाई श्रुतीला आशीर्वाद. पत्र पाठवत राहा, तेवढाच आधार.
वीणाआत्या

रायस्वाइक, ५ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आर्याला वाचून दाखवलं. मराठी कळतं तिला, उत्तर मात्र डचमध्ये आलं, तेही पाय आपटत. गांब्याची सगळ्यांत खालची तार म्हणे ती कानांनी ऐकतच नाही, पोटऱ्यांनी ऐकते. मग आत्याआजी दिलरुबा कुठे टेकवते? मी म्हटलं, डाव्या खांद्यावर. तर म्हणाली, मग खांद्याला विचारायला सांग.

पोरीचा आगाऊपणा समज. पण देण्याआधी एकदाच बघ.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
आशू

सांगली, २४ सप्टेंबर

चि. आशू आणि चि. आर्या,
आशीर्वाद.

आधी रागच आला. बहिऱ्या बाईची थट्टा वाटली. तरी काल खोळ काढली. शेजारच्या शिरीषने तारा लावून दिल्या. गज ओढला, काही नाही. मग दांडी खांद्याला नीट टेकवून खर्जावर लांब गज ओढला आणि आशू, हाड थरथरलं रे! पुढचा स्वर घेतला, त्याची थरथर वेगळी. डोळे मिटून वाजवत राहिले. शिरीषला विचारलं, बेसूर होतंय का? त्याने मान हलवून नाही म्हटलं आणि चहा निवेपर्यंत तिथेच बसून राहिला.

शाळेला कळवलंय, दिलरुबा देत नाही. हवं तर मीच शिकवायला येते, मुलींनी पाटीवर लिहून बोलावं.

आणि आर्या, तुझा गांबा विमानात आणू देत नसतील, तर बाबाला सांग मला तिकडे घेऊन जायला. गांब्याला पाठ टेकवून मला तुझं वाजवणं ऐकायचंय.

तुमच्या मायेची,
वीणाआत्या