जयंताच्या तळ्यातले मासे

ब्रिस्टल,
६ मे २०२५

चि. जयंत यास,

अनेक आशीर्वाद. थोरली आहे, त्यामुळे ते द्यावेच लागतात. काल तुझ्या घरून निघताना निरोप घ्यायचा राहिला, म्हणून हे पत्र. फोन तू उचलला नसतासच.

मी आणि प्रणय मजेत आहोत. इकडे ऊन पडलंय, परसातल्या कोथिंबिरीनं मान टाकलीय. तुझी वास्तुशांत थाटात झाली हो! मिल्टन कीन्सच्या राउंडअबाउट्सना कंटाळलेली माणसं कुत्रं पाळतात, तू नदीकाठची जुनी पाणचक्कीच विकत घेतलीस. गुरुजी प्रत्यक्ष आले होते, श्रीखंड बरं होतं असं ऐकलं. तळ्यात सोडलेली प्लास्टिकची कमळं मात्र बघवत नव्हती.

आता माशांचं. फोनवर तू म्हणालास, "ताई, आमच्या पाँडमध्ये सडनली शेकडो सिल्व्हर फिश आलेत. सो ऑस्पिशस! तुझं तर हेच काम आहे ना, गेस्ट्सना दोन मिनिटं एक्स्प्लेन कर." आणि फोन ठेवता ठेवता, "अँड लिसन, एकटीच ये. मनीषाचे आईबाबा असणार आहेत, यू नो." प्रणयला आणू नकोस, एवढं सरळ म्हणायलाही तुझी जीभ वळली नाही. तरी मी आले. माशांसाठी आले असं समज.

काय तुझे पाहुणे! दोघं डॉक्टर, एक बँकेतला, आणि सगळे तळ्यात कुरमुरे टाकत होते. बायका कणकेच्या गोळ्या वळून टाकत होत्या, पुण्य लागतं म्हणून. तुझ्या सासऱ्यांनी हात जोडून मत्स्यावतारच जाहीर केला. मासे एकाही गोळीला तोंड लावत नाहीत, हे कुणाच्या लक्षात येऊ नये? पलीकडे बगळा उभा राहून एकेक मासा उचलत होता, तर त्याचेही फोटो निघाले.

ते मासे आले नव्हते रे, अडकले होते. सॅमनची पिल्लं ती. वरच्या गार पाण्यात वाढतात, मग एका वसंतात अंग चंदेरी होतं, खारं पाणी सोसायची ताकद येते आणि ती समुद्राकडे निघतात, तोंड प्रवाहाकडे ठेवून, शेपटीकडून उलटी वाहत. ती ताकद काही आठवडेच टिकते. तेवढ्यात समुद्र गाठला नाही तर सगळं फुकट. तुझं तळं म्हणजे चक्कीसाठी अडवलेली नदीच; एप्रिल-मेमध्ये तिच्या पाण्याचं लोखंडी दार वर ठेवायचं, हे आधीच्या मालकानं तुला बजावलं होतं. तुला तळं तुडुंब दिसायला हवं होतं, म्हणून तू ते खाली पाडून ठेवलंस. पाणी थांबलं आणि पिल्लांना पुढची वाट कळेना.

हे सगळं मी तिथे सांगितलं, तर टाळ्या पडल्या. दार आत्ता उघड म्हटलं, तर तू हसलास. "फोटोज् होऊ देत, वीकेंडला बघू."

तेवढ्यात तुझ्या सासऱ्यांनी मला विचारलं, "छान बोललात हो. आडनाव काय तुमचं?"

मी तोंड उघडायच्या आत तू मध्ये पडलास. "बाबा, या मॅडम रिव्हर ट्रस्टकडून आल्यात. मॅडम, तुम्ही जेवून घ्या ना."

मॅडम! तुझं शेंबडं नाक पुसलंय मी. जन्मभर ताई आणि अगंतुगं, आणि काल पहिल्यांदा अहोजाहो केलंस. कशासाठी, तर तुझ्या बहिणीचा नवरा बौद्ध आहे हे सासऱ्यांना कळू नये म्हणून. ऑफिसात डायव्हर्सिटीवर भाषणं देतोस तू, लिंक्डइनवर बघते मी. किळस आली मला तुझी, जयंता.

मी जेवले नाही. तळ्याच्या टोकाला गेले आणि चाक फिरवून दार वर घेतलं. हळूहळू घेतलं, पिल्लं चिखलात राहू नयेत म्हणून. तुझ्या हातातला माइक खाली पडला तोवर अर्धं तळं रिकामं झालं होतं. पुढचं तुला माहीत आहे. कमळं गाळात आडवी झाली, घाण वास श्रीखंडापर्यंत पोचला आणि तुम्ही सगळे नाकाला रुमाल लावून आत पळालात. म्हणून तुम्हाला दिसलं नाही. झुंडीच्या झुंडी, शेपटी पुढे करून, त्या दाराखालून निघून गेल्या. मी शेवटपर्यंत उभी होते आणि रडत होते. तुझ्यासाठी रडत होते असं मनात आणू नकोस.

मनीषाचा मेसेज आलाय, "जस्ट अपॉलोजाइज, ताई." माफी नाही मागणार.

दार महिनाअखेरपर्यंत वरच राहायला हवं. शुक्रवारी ते तपासायला आमच्या ट्रस्टचा इंजिनीअर येईल. म्हणजे प्रणयच. आमच्या लग्नाला तू आला नव्हतास, त्यामुळे चेहरा ओळखीचा नसेल. मी सोबत असेन. तुझ्या सासऱ्यांना तोवर थांबवून घे. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला स्वतः द्यायचंय.

तुझी थोरली बहीण,
वैजयंती प्रणय शेजवळ